पोट आणि पोटरी

वाचकहो, या लेखाची सुरुवात मला आमच्याच घरातील एका चुकीपासून करावी लागत आहे. माझी आत्या ७१ वर्षांची असताना तपासणीत तिची रक्तशर्करा वाढलेली आढळली आणि ‘पोट कमी करा’ असे तिला सांगण्यात आले. आत्या मुळातच हट्टी. तिने रात्रीचे जेवण बंद केले, दूध सोडले, तुपाचा थेंबही वर्ज्य केला. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध आणि दुपारी दोन फुलके व पातळ वरण, एवढ्यावर ती दिवस काढू लागली. पाच महिन्यांत तिचे वजन ६८ किलोंवरून ५९ किलोंवर आले. घरी येणारा प्रत्येकजण तिची वाखाणणी करी, मीही केली. तिचे दंड सैल पडले आहेत, पोलक्याच्या बाह्या ढिल्या झाल्या आहेत, पाटावरून उठताना ती आता जमिनीला हात टेकते, हे आम्हां सर्वांना दिसत होते. त्याचा अर्थ मात्र कोणी लावला नाही. श्रावणातल्या एका पहाटे न्हाणीघरात तिचा तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रियेनंतर तिला पुन्हा चालते करण्यासाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी शिवणकामाची फीत मागून घेतली. त्यांनी पोट मोजले. ते ९५ सेंटिमीटर भरले. पहिल्या तपासणीच्या कागदावर ९८ लिहिलेले होते. म्हणजे नऊ किलो वजन घालवून जेमतेम तीन सेंटिमीटरचा फरक. मग त्यांनी तीच फीत पोटरीला गुंडाळली. ती भरली ३० सेंटिमीटर. ‘‘यांचे पोट फारसे गेलेलेच नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पाय गेले आहेत.’’

साठी ओलांडलेल्या ज्या वाचकांना पोट कमी करायचे आहे, आणि ज्यांच्यावर अशा वडीलधाऱ्यांच्या जेवणाखाण्याची जबाबदारी आहे, त्या सर्वांना मला हेच सांगायचे आहे. उतारवयात पोट अवश्य कमी करावे. परंतु पोटरीला धक्का न लावता. वजनकाट्याला या दोहोंतला भेद कळत नाही. चरबीचा किलो आणि स्नायूंचा किलो त्याला सारखाच.

सडपातळ माणसाचे पोट

आपल्याकडे पोट सुटणे हे दीर्घकाळ सुखवस्तूपणाचे लक्षण मानले गेले. शेटजी म्हटले की ढेरी आलीच. चरबी शरीरात किती आहे यापेक्षा ती कोठे आहे याला महत्त्व आहे, ही गोष्ट फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. झाँ वाग यांनी १९४७ मध्ये मांडली. मांड्या आणि नितंब यांवर साठणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटात, आतड्यांच्या अवतीभोवती साठणारी चरबी मात्र मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट मोकळी करते. या आतल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृतात चरबी साठू लागते, शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देईनासे होते, आणि रक्तातील साखर व मेद दोन्ही चढू लागतात.

भारतीयांच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे आणि ती उलगडण्याचे श्रेय बरेचसे पुण्याकडे जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र छापले. दोघांची अंगकाठी साधारण सारखी. वजन आणि उंची यांवरून काढला जाणारा शरीरभार निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. दोघांपैकी कोणालाही लठ्ठ म्हणता येणार नाही. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून जगभर ओळखले जाते. वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी ही आपली घडण जन्मापासूनची असते, हेही याज्ञिक यांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासाने दाखवले. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची; चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

म्हणूनच कंबरेच्या घेराची मर्यादा भारतीयांसाठी कडक ठेवलेली आहे. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. इंचांत सांगायचे तर पुरुषांना साधारण ३५, स्त्रियांना साडेएकतीस. हे आकडे वाचून दचकू नका. सत्तरीतल्या व्यक्तीने तेथपर्यंत पोचलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. आज १०० असेल ते वर्षाअखेरीस ९५ झाले, तरी साखर आणि रक्तदाब यांत त्याचा गुण दिसू शकतो.

घेर मोजताना विजारीच्या मापावर विसंबू नये. पुरुषमंडळी वाढत्या वयात पट्टा पोटाच्या खाली खाली सरकवत नेतात आणि ‘माझे माप तीस वर्षे तेच आहे’ असे अभिमानाने सांगतात. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध फीत धरावी. ती जमिनीला समांतर असावी, त्वचेला टेकावी पण रुतू नये. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढून मोजण्याचा मोह आवरावा. पोटरी मोजताना खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर सपाट टेकवावे आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरच्या खाली माप गेले, तर स्नायू झिजत असल्याची शंका घ्यावी, असे आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये सुचवले आहे. पायांना सूज असेल तर मात्र हे माप फसवते, हे लक्षात असू द्या.

त्याच गटाने सुचवलेली आणखी एक चाचणी घरच्या घरी होण्याजोगी आहे. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची घ्यावी, हात छातीशी दुमडावेत आणि पाच वेळा उठून बसावे. शेजारी कोणीतरी उभे असावेच. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पायांतली ताकद उणावली आहे असे समजावे. ज्यांना हातांच्या आधाराशिवाय एकदाही उठवत नाही, त्यांनी आहार घटवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आधी पाय, मग पोट.

उपासाने काय जाते?

पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी सुमारे एक टक्का या गतीने घटू लागतात. ताकद त्याहूनही लवकर ओसरते. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये सुचवले. आपण तिला स्नायुक्षय म्हणू. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर चरबीचा ओढा मांड्यांकडून पोटाकडे वळतो. म्हणजे काहीही न करता, नुसते वय वाढले तरी पोट पुढे येते आणि पाय बारीक होतात. काड्यांसारख्या पायांवर घागरीसारखे पोट ही आपल्या ज्येष्ठांची ओळखीची आकृती त्यातूनच घडते. अशा शरीराची उपासमार केली, तर ते चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते.

किती खाते, याचा हिशेब अमेरिकेतील डॉ. डेनिस व्हिलारियल आणि सहकाऱ्यांनी मांडला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६५ वर्षांवरील १०७ लठ्ठ व्यक्तींना एक वर्षभर चार गटांत विभागले होते. ज्यांनी केवळ आहार घटवला, त्यांचे वजन १० टक्के उतरले. परंतु चरबी वगळता उरणारे शरीर, ज्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो, तेही ५ टक्क्यांनी घटले आणि खुब्याच्या हाडाची घनता २.६ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांनी आहाराला व्यायामाची जोड दिली, त्यांचे वजन जवळजवळ तितकेच, म्हणजे ९ टक्के उतरले. मात्र चरबीविरहित शरीराची घट ३ टक्क्यांवर आणि हाडांची १.१ टक्क्यावर राहिली. चालणे, उठणे, जिना चढणे अशा कामांत हाच गट सर्वांत पुढे होता. माझ्या आत्याने जे केले ते पहिल्या गटासारखे होते, आणि त्याहूनही वाईट. कारण त्या गटातील लोकांना पुरेशी प्रथिने तरी मिळत होती.

तेव्हा घाई नको. रोजच्या खाण्यातून अडीचशे-तीनशे उष्मांक कमी केले तर महिन्याला साधारण एक किलो उतरते. साठीनंतर एवढी गती पुरेशी आहे. ‘महिन्यात दहा किलो’ अशी हमी देणारी जाहिरात दिसली, तर त्या दहापैकी पाणी किती आणि पाय किती, असा प्रश्न स्वतःला विचारा.

ताटात काय राहावे आणि काय जावे

जावे काय, ते आधी पाहू. कारण तेथे बहुतेकांच्या घरात मोठी फट असते आणि ती जेवणाच्या ताटात नसतेच. ती चहाच्या कपात असते. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहण्याचे सुचवले आहे. त्यात मध आणि गूळही आले. लिंबू-मध पाण्याने पोट वितळत नाही. मध ही साखरच आहे, मधमाश्यांनी केलेली.

चहाबरोबर येतात खारी, टोस्ट, बटर, मारी. यांच्याविषयी मला जरा विस्ताराने बोलायचे आहे. कारण त्यांचा संबंध दातांशी आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. दाढा पडल्या, कवळी सैल झाली की ज्येष्ठ व्यक्ती न बोलता काही पदार्थ सोडून देतात. प्रथम भाकरी जाते, मग मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, मग काकडी, गाजर, पेरू. त्यांच्या जागी चहात बुडवून मऊ होणारी बिस्किटे येतात, मऊ भात येतो, साबुदाण्याची खिचडी येते. प्रथिने आणि चोथा गेला. मैदा, साखर आणि वनस्पती तूप आले. घरचे म्हणतात, ‘बाबांना हल्ली गोड फार आवडते.’ बाबांना चावता येत नाही, हे खरे कारण असते. म्हणून पोट कमी करण्याच्या मोहिमेत पहिली भेट दंतवैद्याची असावी, असे मी मनापासून म्हणेन. तोपर्यंत मटकी कुकरमध्ये अधिक शिजवून घ्यावी, भाकरी ताज्या ताकात किंवा घट्ट वरणात कुस्करावी, काकडी किसून दह्यात घालावी.

दुसरी फट उपासाची. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यावर केली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, तूप, बटाटा. अशा एका बशीने दुपारच्या साध्या जेवणाला सहज मागे टाकावे. ज्यांना श्रद्धेने उपास करायचा आहे त्यांनी तो खुशाल करावा. राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, फळ यांवर तो उत्तम होतो. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना अन्न सोडल्यास साखर एकदम खाली जाऊन भोवळ येऊ शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर उपास मोडून लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि त्यानंतर काही खायला द्यावे. देवाचा त्याला आक्षेप असेल असे वाटत नाही. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

तिसरी फट घरातील ज्येष्ठ स्त्रियांची. पातेल्यात उरलेला भात, नातवाने टाकलेली अर्धी पोळी, सणाच्या पुरणाचा शेवटचा गोळा, हे सर्व ‘वाया जायला नको’ म्हणून आजीच्या पोटात जाते. हे संस्कार आहेत आणि ते मला आदरणीय वाटतात. परंतु त्याचा उपाय सूनबाईंच्या हातात आहे. तांदूळ अर्धी वाटी कमी घ्यावा.

तेलाचा चमचा रोज मोजणे कोणाला जमत नाही. त्यापेक्षा महिन्याची पिशवी मोजावी. दोन माणसांच्या घरात महिन्याला दीड लिटर तेल पुरले पाहिजे, यात फोडणी, तळण, सर्व आले. संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहीत गेले की आपोआप हात आखडतो.

आता राहावे काय ते. साठीनंतर शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत, असे या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचे २०१३ पासूनचे मत आहे. ६० किलोंच्या व्यक्तीला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. आपल्याकडील नेहमीचा दिवस, सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, थोडा भात आणि रात्री मऊ खिचडी असा मोजला, तर तो चाळीस ग्रॅमच्या आसपासच थांबतो. उरलेले भरून काढणे अवघड नाही. घट्ट वरणाची किंवा उसळीची वाटी, ज्यात ३० ग्रॅम कोरडी डाळ वा कडधान्य आहे, सुमारे ७ ग्रॅम देते. तितक्याच बेसनाचे पिठले साधारण तेवढेच. मोठी वाटी दही ५ ग्रॅम, पेलाभर दूध ६ ग्रॅम, एक अंडे ६ ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीर ९ ग्रॅम. कोकणातील आणि गोव्यातील वाचकांना बांगड्याची आठवण करून देण्याची गरज नसावी. तळणीऐवजी तिखल्यात किंवा तव्यावर थेंबभर तेलात तो तितकाच रुचतो. प्रथिने एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटून घ्यावीत. सकाळच्या न्याहारीत ती हटकून नसतात, म्हणून पोह्यांऐवजी अधूनमधून मुगाचे धिरडे करावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र हे आकडे आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नयेत.

भाकरी आणि पोळी यांच्या वादात मी पडत नाही. ज्वारी चांगली, नाचणी चांगली, गहूही वाईट नाही. चारांच्या तीन झाल्या आणि त्या जागी पालेभाजी वाढली, एवढे पुरे. रात्रीचे जेवण सोडण्याऐवजी ते लवकर आणि आटोपशीर घ्यावे.

शतपावलीपासून खुर्चीपर्यंत

पोटाचे व्यायाम केल्याने पोटाची चरबी जाते, हा समज फार चिवट आहे. स्नायू आपल्याला लागणारी चरबी शेजारच्या थरातून नव्हे, सर्व शरीराच्या साठ्यातून घेतात. म्हणून पाठीवर झोपून धड उचलण्याचे व्यायाम कितीही केले तरी ढेरी तशीच राहते. उलट हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींना असे पुढे वाकणे घातक ठरते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासात, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या अस्थिक्षयाच्या स्त्रियांमध्ये मणक्यांना नव्याने इजा होण्याचे प्रमाण, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळले होते. कपालभातीविषयीही सांगतो: उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया यांपैकी काही असेल तर ती डॉक्टरांच्या संमतीवाचून करू नये. कंप देणारे पट्टे आणि घाम काढणारी वेष्टने यांवर पैसे घालवू नयेत. घाम म्हणजे पाणी.

आतली चरबी हलते ती सर्वांगाला चालना देणाऱ्या श्रमाने, आणि सुदैवाने चालण्याला ती चांगला प्रतिसाद देते. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. सलग अर्धा तास जमत नसेल तर आपल्या पूर्वजांची शतपावली आहेच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात साठी ओलांडलेल्या दहा जणांना तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालवले. रात्रीच्या जेवणानंतरची साखर त्यामुळे सकाळी किंवा दुपारी सलग पाऊण तास चालण्यापेक्षा अधिक आटोक्यात राहिली. शतपावलीची पावले मात्र शंभरांवर थांबवू नका; दहा-पंधरा मिनिटे होऊ द्या, घरातल्या घरात झाली तरी चालेल. ज्यांना चालताना छातीत दडपण येते त्यांनी जेवणानंतर चालण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

एवढ्याने पोटाची सोय झाली. पोटरीची नाही. स्नायू राखायचे तर त्यांना जोर लावावा लागतो, आठवड्यातून किमान दोन दिवस. वयाचे कारण पुढे करू नका. १९९० मध्ये डॉ. मारिया फियातारोने यांनी बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहातील नव्वदीच्या घरातल्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा जोराचा व्यायाम करून घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या पायांतली ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली आणि दोघांनी हातातली काठी सोडली.

त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीतून सावकाश उठणे आणि त्याहून सावकाश बसणे, आठ-दहा वेळा. बसताना धपकन अंग टाकू नये. खाली येतानाच मांड्यांना खरा व्यायाम होतो. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, दहा वेळा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून, तळवे भिंतीला टेकवून कोपरांत वाकणे आणि मागे येणे, म्हणजे भिंतीवरचे दंड. दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन कोपर दुमडणे. ओट्याला एका हाताने धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, यामुळे तोल सुधारतो. जोर लावताना श्वास रोखू नये. मोठ्याने आकडे मोजत गेले की तो आपोआप चालू राहतो. दोन आठवड्यांनी सोपे वाटू लागले तर संख्या वाढवावी. चहाला आधण ठेवले की ते उकळेपर्यंत टाचा उचलायच्या, अशी सवय लागली तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

जे पोट चरबीचे नसते

येथे सांभाळणाऱ्या मंडळींशी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. पोट काही आठवड्यांतच वाढले, घट्ट झाले, पायांवर सूज आली, तर पोटात पाणी साठलेले असू शकते. यकृत, हृदय किंवा मूत्रपिंड यांची तपासणी लगेच हवी. ओटीपोटाचा फुगवटा आणि लघवी अडखळणे एकत्र दिसले तर पुरुषांत प्रोस्टेटचा विचार करावा लागतो. वयस्क स्त्रीचे पोट फुगते, दोन घासांत भरते, सारखी लघवीची भावना होते, आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालते, तेव्हा ‘गॅस असेल’ म्हणून ओव्याच्या भरवशावर राहू नये; अंडाशयाच्या गाठीची तपासणी करून घ्यावी. कधीकधी पोट वाढलेले नसतेच. पाठीचे मणके खचून उंची घटते आणि बरगड्यांखाली जागा न उरल्याने पोट पुढे येते. जुन्या साडीचा घोळ अचानक लांब पडू लागला, तर हाडांची तपासणी करा.

आणि उलटही. काही प्रयत्न न करता सहा-बारा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा घटला, ६० किलोंचे ५७ झाले, तर पेढे वाटू नका. डॉक्टरांकडे जा. प्रयत्न करून वजन उतरत असेल तेव्हाही रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागू शकते. तेच प्रमाण चालू राहिल्याने उभे राहताना चक्कर येते आणि माणूस पडतो. आमच्या आत्याच्या बाबतीत यातलेही काही होते की काय, हे आता सांगता येणार नाही. त्या पाच महिन्यांत आम्ही एकदाही तिच्या गोळ्या तपासून घेतल्या नव्हत्या.

आत्या आता ७३ वर्षांची आहे. तिच्या खोलीतील दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या एक तारखेला, दुधाच्या हिशेबाशेजारी, ती दोन आकडे लिहिते. वरचा पोटाचा, खालचा पोटरीचा. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा तेथे ९० आणि ३२ लिहिलेले होते. रात्रीचे जेवण ती साडेसातला घेते, त्यात वाटीभर मुगाची उसळ असते, आणि बातम्या लागल्या की खुर्चीतून उठते-बसते. मला तिने समोरच्या खुर्चीत बसवले, हात छातीशी बांधायला लावले आणि मोबाइलवर सेकंद मोजायला घेतले. मला तेरा सेकंद लागले. ‘‘फीत कपाटात आहे,’’ ती म्हणाली.